सेमिनारला उभे राहताना
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही सभासदांनी एक शंका काढली. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., पीएच.डी. करणारी आपली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मग त्यांच्या सेमिनारवर सगळ्या सभेने तासभर का ऐकावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही प्रथम देतो.

आपली संस्था मुलांच्या फीचे पाहते, वसतिगृहाचे पाहते, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर गेले की नाही हे पाहते. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात आणि आपले काम संपले असे आपण समजतो. परंतु उच्च शिक्षणात प्रवेशानंतरही एक उंबरठा असतो आणि तो ओलांडताना सोबत कोणी नसते. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर फक्त आसन क्रमांक असतो. सेमिनारमध्ये विद्यार्थी स्वतःच उभा असतो. त्याचा आवाज, त्याचे इंग्रजी, त्याचे आडनाव, अंगावरचे कपडे हे सारे समोरच्या रांगेला दिसत असते. घरातून पदवीपर्यंत पोहोचलेले हे पहिलेच मूल असेल, तर आजवर अशा सभेपुढे उभे राहिलेले कोणी त्याने घरात पाहिलेले नसते. प्रयोगशाळेत उत्तम हात चालणारी मुले या उंबरठ्यावर अडखळलेली आम्ही अध्यापनाच्या काळात पाहिली आहेत. म्हणून हा विषय एकट्या विद्यार्थ्याचा नाही, तो आपल्या सर्वांचा आहे.

विज्ञान न शिकलेल्या सभासदांसाठी थोडे सांगतो. आपण भाकरी खातो, तिची साखर होते, साखरेपासून अंगात शक्ती येते. ही सारी रासायनिक कामे शरीरात विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात. बहुतेक सर्व विकरे प्रथिने असतात. या कामांचा अभ्यास म्हणजे जीवरसायनशास्त्र. आणि सेमिनार म्हणजे, आपण काय शोधले, कसे शोधले आणि ते खरे कशावरून, हे जाणकारांपुढे उभे राहून सांगणे व त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपल्या कामाची मांडणी करावी लागते. प्रबंध सादर करण्यापूर्वीही एकदा मांडणी करावी लागते आणि ती विभागातील सर्व प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना खुली असते. म्हणजे ही वेळ टाळू म्हटल्याने टळणारी नाही.

सेमिनार या शब्दाची भीती आपल्याला तरी वाटू नये, कारण या शब्दाशी आपला जुना संबंध आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढे मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला. हा निबंध आपण समाजशास्त्रासाठी वाचतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो मांडणी कशी करावी यासाठीही वाचावा. आधीच्या विद्वानांच्या व्याख्या घ्यायच्या, त्यांत काय उणे आहे ते दाखवायचे, मग आपले म्हणणे पुराव्यानिशी ठेवायचे, असा त्याचा क्रम आहे. आणि शेवटी ते सांगतात की, आपला सिद्धान्त टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले, तर तो सोडून देण्यासही आपण तितकेच तयार आहोत. सेमिनारला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची भूमिका हीच असली पाहिजे. आपण तेथे स्वतःचा बचाव करायला जात नाही. एक म्हणणे तपासून घ्यायला जातो.

आता विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष कामाचे बोलू. उदाहरण आपल्या शेतातलेच घेऊ. तुरीवर आणि हरभऱ्यावर पडणारी घाटेअळी आपल्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी पाहिली आहे, तिने केलेले नुकसान सोसले आहे. अळी अन्नातील प्रथिने पचवते ती मुख्यतः ट्रिप्सिनसारख्या विकरांनी. आणि तुरीच्या दाण्यातच अशी लहान प्रथिने असतात, जी ट्रिप्सिनचे काम रोखतात. त्यांना ट्रिप्सिन रोधके म्हणतात. समजा, एखादी विद्यार्थिनी या रोधकावर काम करते आहे.

बहुतेक मुले सेमिनारची सुरुवात अशी करतात : ‘शेंगवर्गीय पिकातील ट्रिप्सिन रोधकाचे शुद्धीकरण व गुणधर्मनिश्चिती.’ हे प्रबंधाचे शीर्षक झाले. यात प्रश्न कोठे आहे? तिने असे म्हणावे : ‘तुरीच्या दाण्यात अळीचे पचन रोखणारे प्रथिन आहे. तरीही अळी तूर खाऊन पोसते. असे का?’ आता शेवटच्या रांगेतला माणूसही सरसावून बसेल. पहिल्या दोन मिनिटांत ज्याला प्रश्न कळला नाही, त्याला पुढच्या अठरा मिनिटांतले आलेख कळत नाहीत. म्हणून पहिली गोष्ट ही, की प्रश्न आधी सांगा आणि साध्या वाक्यात सांगा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. शुद्धीकरणाचा तक्ता दाखवताना मुले चाळीस आकडे पडद्यावर टाकतात आणि ‘येथे दिसते त्याप्रमाणे’ म्हणून पुढे जातात. कोणालाही काही दिसत नाही. त्याऐवजी दोन ओळी समजावून सांगा. उदाहरणादाखल धरा, दाण्यांच्या अर्कात ५०० मिलिग्रॅम प्रथिन होते आणि रोधकाची क्रियाशीलता १०,००० एकके होती, म्हणजे दर मिलिग्रॅमला २० एकके. स्तंभातून काढल्यावर प्रथिन १० मिलिग्रॅम उरले आणि क्रियाशीलता ४,००० एकके, म्हणजे दर मिलिग्रॅमला ४००. शुद्धता वीसपट वाढली, आणि मूळ क्रियाशीलतेपैकी ४० टक्के हाती राहिली. हा हिशेब किराणा दुकानदारालाही पटतो. तो तुम्हाला कागदाशिवाय सांगता आला पाहिजे, कारण ‘बाकीचे ६० टक्के कोठे गेले?’ हा प्रश्न येतोच.

तिसरी गोष्ट पद्धतीची. पद्धतीचे नाव सांगून भागत नाही, तिचे मर्म माहीत पाहिजे. रोधकाची क्रियाशीलता मोजताना बहुधा बापना नावाचे संयुग वापरतात. ट्रिप्सिन ते तोडते आणि पिवळा रंग सुटतो, तो ४१० नॅनोमीटरला मोजतात. रोधक घातले की पिवळेपणा कमी येतो. मग कोणी विचारेल, ‘तुमच्या अर्काचा स्वतःचाच रंग पिवळट असेल तर?’ याचे उत्तर म्हणजे ट्रिप्सिन न घातलेली, फक्त अर्काची नळी. प्रथिन लोव्री पद्धतीने मोजले, असे आपण सहज म्हणतो. ही पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही अनेक प्रयोगशाळांत वापरतात. परंतु ट्रिस बफर व काही प्रक्षालके तिच्या निळ्या रंगात ढवळाढवळ करतात. तुमचा नमुना कोणत्या बफरमध्ये होता, हे परीक्षक विचारणारच. के-एम म्हणजे काय, असे विचारल्यावर पुस्तकातील व्याख्या घोकू नका. ज्या संहतीला विकर आपल्या कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने काम करते ती संहती, असे सांगा आणि आलेखावर बोट ठेवून दाखवा.

चौथी गोष्ट, आणि ही आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो, नियंत्रित प्रयोगाची, म्हणजे कंट्रोलची. एका विभागात घडलेला प्रसंग सांगतो. खेड्यातून आलेला एक विद्यार्थी पहिल्यांदा सेमिनार देत होता. काम चोख होते. मध्येच एका प्राध्यापकांनी मोठ्या आवाजात विचारले, ‘याचा कंट्रोल कोठे आहे?’ तो मुलगा गप्प झाला. कंट्रोल त्याने केलेला होता, तीनदा केलेला होता, वहीत तारीखवार लिहिलेला होता. फक्त पडद्यावर घेतला नव्हता. ‘केला आहे, दाखवतो’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. सभागृहात कोणी तरी हसले. त्यानंतर कितीतरी दिवस तो विभागाकडे फिरकला नाही. मित्रांनी समजावून परत आणला म्हणून त्याचे शिक्षण पुरे झाले. एरवी एक वही भरून खरे काम कपाटात पडून राहिले असते.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे, ज्या आलेखावर तुमचा निष्कर्ष उभा आहे, त्याचा कंट्रोल त्याच चित्रात शेजारी दाखवा. बाकीचे सारे कंट्रोल शेवटच्या आभाराच्या चित्रानंतर ओळीने लावून ठेवा. विचारले तर लगेच काढता येतात. दुसरी गोष्ट, ‘कंट्रोल कोठे आहे’ हा प्रश्न तुमच्या जातीला किंवा गावाला विचारलेला नसतो. तो प्रत्येकाला विचारतात, विचारलाच पाहिजे. विचारण्याच्या सुरात कधी कधी तुच्छता असते, हे आम्ही नाकारत नाही. पण प्रश्न वेगळा आणि सूर वेगळा. सुराची नोंद मनात ठेवा, आणि उत्तर प्रश्नाला द्या.

प्रश्न कितीही मोठ्या माणसाने विचारला तरी उत्तर पुराव्यानेच द्यायचे असते, याचे एक उदाहरण आमच्या विषयाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील जेम्स समनर यांचा डावा हात सतरा वर्षांचे असताना शिकारीतील अपघातामुळे गेला. ते डावखुरे होते. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या नादी लागू नये, असा सल्ला त्यांना हार्वर्डमध्ये मिळाला. त्यांनी तो मानला नाही. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जॅक बीन या शेंगेतील, आपल्या अबईच्या जातभाईतील, युरिएज हे विकर नऊ वर्षे खपून शुद्ध केले आणि १९२६ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. स्फटिक प्रथिनाचे होते. म्हणजे विकर हे प्रथिन आहे, असे त्यांनी सांगितले. त्या काळी नोबेल पारितोषिक मिळालेले जर्मनीचे विलस्टेटर व त्यांचे शिष्य याच्या विरुद्ध मताचे होते. खरे विकर वेगळेच काही आहे, प्रथिन ही त्यातील अशुद्धी, असे त्यांचे म्हणणे होते. समनर यांनी वाद आवाज चढवून जिंकला नाही. ते पुरावे वाढवत राहिले. पुढे नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेही प्रथिनच निघाले. १९४६ मध्ये समनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या तुरीच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिला हमखास येणारा प्रश्न असा : ‘तुम्ही रोध मोजला तो गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या ट्रिप्सिनवर. अळीच्या आतड्यातील विकरांवरही तो तसाच असेल कशावरून?’ प्रश्न वर्मी बसणारा आहे, कारण अळीचे आतडे बरेच अल्कधर्मी असते आणि तिच्याकडे अनेक प्रकारची पाचक विकरे असतात. १९९० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी या अळीवर काम केले. त्यांना असे दिसले की, अळी ज्या झाडांवर नेहमी जगते त्यांच्या रोधकांपेक्षा, जी तिचे खाद्य नाहीत अशा झाडांतील रोधके तिच्या पचनाला अधिक अडवतात. जुन्या खाद्याशी अळीने जुळवून घेतलेले असते. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीने सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेला आहे. तिने अळीच्या आतड्यातील अर्कावर प्रयोग केला असेल तर दाखवावा. केला नसेल तर स्पष्ट सांगावे : ‘हे आम्ही अजून तपासलेले नाही. तपासायचे झाल्यास असा प्रयोग करावा लागेल.’ ‘माहीत नाही’ म्हणून मान खाली घालण्यात आणि असे सांगण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. अंदाजाने उत्तर ठोकून देणे मात्र कधीही करू नये. जाणकार सभेत ते लपत नाही.

पाचवी गोष्ट प्रामाणिकपणाची. ‘प्रयोग तीनदा केला’ असे आपण लिहितो. एकाच अर्काच्या तीन नळ्या मोजल्या, की तीन वेगवेगळ्या झाडांच्या दाण्यांपासून तीन अर्क काढले? पहिल्यावरून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळते. दुसऱ्यावरून निसर्गात काय आहे ते कळते. कोणते केले ते चित्राखाली लिहा. जेलच्या छायाचित्रातील नको असलेली पट्टी कापू नका, दोन जेलचे तुकडे जोडून एक असल्याचे भासवू नका. दुसऱ्याचे चित्र घेतले असेल तर त्याचे नाव त्याच चित्राखाली द्या. संगणकावर या गोष्टी आज मिनिटाभरात होतात, आणि पकडल्याही जातात. फसवणूक पकडली गेली तर मोठ्या घरच्या मुलाला काका-मामा सावरायला असतात. आपल्या मुलामागे फक्त त्याची वही असते. ती वही स्वच्छ ठेवा.

काम किती पानांचे, याची काळजी करू नका. कमला सोहोनी यांचे नाव आपण ऐकले असेल. त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, त्या स्त्री आहेत म्हणून, संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रथम प्रवेश नाकारला. मग घेतले ते वर्षभर काम पाहून ठरवू या अटीवर. त्या वर्षात त्यांनी असे काम केले की पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. नंतर केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, आणि त्यावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरा, कडधान्ये, गोरगरिबांच्या पोटात जाणारे अन्न यांवर संशोधन केले. त्यांना जी अट घातली गेली ती अन्यायाची होती. त्या अटीला त्यांनी दिलेले उत्तर मात्र प्रयोगशाळेतले होते.

आता भाषेचे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक मराठी माध्यमातले. त्यांना विषय कळतो, वाक्य सुचत नाही. यावर आमचा अनुभवाचा उपाय असा. आपले काम आधी मराठीत, घरी आईला सांगावे. आईला प्रश्न कळला, तर प्रश्न तुम्हाला कळलेला आहे. मग तेच इंग्रजीत लहान वाक्यांत लिहावे. पाठ करायची ती पहिली चार आणि शेवटची तीन वाक्ये. मधले चित्रे बघून बोलावे. कोणी भरभर इंग्रजीत प्रश्न विचारला, तर ‘सर, कृपया पुन्हा सांगाल का?’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणावा, म्हणजे तो नीट कळला की नाही हे समजते आणि विचार करायला अर्धे मिनिट मिळते. वीस मिनिटांसाठी पंधरा चित्रे पुष्कळ झाली. प्रत्येक आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय मोजले आणि कोणत्या एककात, हे लिहिलेले हवे. अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत. आमच्या पिढीत पारदर्शिकांवर हाताने लिहून दाखवत असू. आज संगणक आहे, पण वीज आजही जाते. म्हणून मुख्य दोन आलेख फळ्यावर खडूने काढता येतील, अशी तयारी ठेवा.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या विहाराशेजारचे सभागृह रविवारी सकाळी वंदनेनंतर रिकामे असते. महिन्यातून एका रविवारी तेथे एका विद्यार्थ्याला वीस मिनिटे उभे करावे आणि आपण समोर बसावे. विषय कळेल का, अशी चिंता करू नका. आपल्यात परिचारिका भगिनी आहेत, त्या रोज रक्ताचे नमुने हाताळतात. शेती करणारे आहेत, त्यांना घाटेअळी विद्यापीठापेक्षा जास्त ठाऊक आहे. गिरणीत, रेल्वेत, बँकेत काम केलेले आहेत. ‘हे कशावरून?’ एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने विचारला तरी पुरे. घरच्या माणसांच्या पन्नास प्रश्नांना उत्तरे दिलेला मुलगा विभागातील पाच प्रश्नांना घाबरत नाही. याला पैसा लागत नाही. एक फळा, थोडा खडू आणि आपला एक तास, एवढेच लागते. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः समोर बसू आणि पहिला प्रश्न विचारू. कोणता, तो आताच सांगून ठेवतो : ‘कंट्रोल कोठे आहे?’

विद्यार्थी मित्रहो, उत्तर तयार ठेवा.